शेपटाकडून शर्यत बघणारे बापू

रविवारी संध्याकाळी मोटारींची शर्यत सुरू झाली की मी टीव्हीचा आवाज बंद करते. घरात पाहुणे असले तर त्यांना वाटतं, टीव्ही बिघडला. मागे आमच्या एका भाचेजावयांनी तर उठून पाठीमागच्या वायरी हलवून बघितल्या होत्या. मी म्हटलं, "राहू द्या, आमच्यात असंच बघतात." आमच्यात म्हणजे शिंगाडे बापूंच्या शाळेत. त्या शाळेत माझ्या माहितीप्रमाणे दोनच विद्यार्थिनी होत्या. एक मी आणि दुसरी माझी मुलगी ऋतुजा, आणि तीही माझ्यामुळे उशिरा दाखल झालेली.

शर्यत म्हणजे फॉर्म्युला वन. जगातल्या सगळ्यात वेगवान मोटारी, एका वेळी वीस-बावीस, दर खेपेला वेगळ्या देशात. हे सगळं मला ज्या माणसाने शिकवलं तो करमाडच्या पुढच्या एका वाडीवरचा धनगर होता. बापू चौथी शिकलेले. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं आणि स्वतः चारचाकी त्यांनी जन्मात चालवली नाही. मुकुंदवाडीहून चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात ते तीस वर्षं सायकलने आले. सायकलसुद्धा अशी चालवायचे की शेजारून चालणारा माणूस कंटाळून पुढे निघून जाई.

मी त्या कारखान्यात स्टोअर सांभाळायची. नट-बोल्टापासून हातमोज्यांपर्यंत सगळं माझ्या खिडकीतून बाहेर जायचं. प्रत्येक कप्प्याला कार्ड, प्रत्येक कार्डावर नोंद आणि नोंदीवर सही. माझ्या या शिस्तीची कारखान्यात बरीच टवाळी व्हायची आणि ती योग्यच होती. बापू प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या यंत्रांवर होते. उंच, काटक, कानात बारीक बाळी, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघायची सवय. पहिल्यांदा मला ते उद्धट वाटले. नंतर कळलं की लहानपणापासून मेंढरं वळलेला माणूस असंच बघतो. पुढचं मेंढरू कुठे जायचं तिथे जातंच, हरवतं ते मागचं.

त्यांच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं नव्हती. तरुणपणी प्रेसमध्ये गेली होती. महिन्याला हातमोज्यांचा जोड न्यायला ते खिडकीशी आले की तिथेच उभ्या उभ्या डाव्या मोज्याची दोन बोटं आत ढकलायचे आणि सुतळीने बांधून टाकायचे. मी एकदा म्हटलं, "बापू, कापून टाका की ती." तर म्हणाले, "आपल्या वाटंची हायेत ताई, ऱ्हाऊ द्या."

दर सोमवारी सकाळी ते मला वाडीवरच्या मेंढरांची बातमी द्यायचे. निदान मला तसं वाटायचं.

"काल बांड्याला लई तरास झाला ताई. भुरक्यानं दाबलं त्याला भिताडाकडं."

"अरेरे. लागलं का त्याला?"

"लागलं नाय. पर दम गेला त्याचा. शेवटून तिसरा आला."

बांडं म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचं आणि भुरकं म्हणजे राखी रंगाचं, एवढं मलाही कळत होतं. माझं माहेर शेतकऱ्याचं. वाडीवर भावाकडे बापूंची मेंढरं आहेत हेही ठाऊक होतं. त्यामुळे मी दोन वर्षं मनापासून बांड्याची विचारपूस केली. एकदा तर घरची उरलेली मेथी पिशवीत घालून दिली, बांड्याला घाला म्हणून. बापूंनी पिशवी घेतली आणि "घालतो" म्हणाले. मग एका सोमवारी त्यांनी सांगितलं की काल बांड्याचं मागचं चाक बसता बसंना. मी हातातलं पेन खाली ठेवलं.

तेव्हा सगळा उलगडा झाला. बोटं गेली तेव्हा बापू तीन आठवडे दवाखान्यात होते. वॉर्डाच्या टोकाला एक टीव्ही आणि त्यावर खेळांचं एकच चॅनेल. "पयल्या रविवारी म्या म्हनलं, काय येडे लोक हायेत, गोल गोल फिरू राह्यलेत. दुसऱ्या रविवारी ध्यानात आलं, आरं हा तर कळप हाय." तेव्हापासून त्यांनी शर्यत सोडली नाही. नावं परदेशी, तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी प्रत्येक गाडीला मेंढरासारखं नाव दिलं. काळ्यापांढऱ्या गाडीचा बांड्या, राखी गाडीचा भुरक्या आणि जो नेहमी सगळ्यांच्या पुढे असायचा तो म्होरक्या. इंग्रजीतलं वर्णन कानावर पडलं की नजर फिरते म्हणून आवाज बंद. सुटायच्या वेळी तेवढा एक मिनिट लावायचे. मी मेथीबद्दल विचारलं तर म्हणाले, "भाजी केली. चांगली झालती."

या शर्यतीच्या वेडाचा कारखान्याला मात्र फायदा झाला. आमच्याकडे दुचाकीचे पत्र्याचे भाग प्रेसमध्ये दाबून काढत. एक भाग संपला की प्रेसमधला अवजड साचा काढून दुसरा बसवायचा. त्या साच्याला डाय म्हणतात. या बदलाबदलीत दोन-दोन तास जायचे, कारण चार माणसं एका बोल्टला झोंबायची आणि बाकीच्या बोल्टांकडे कुणी बघायचं नाही. शर्यतीत गाडी चाकं बदलायला आत येते तेव्हा तिथे प्रत्येक माणसाचं एकच काम ठरलेलं असतं, हे बापूंनी टीव्हीवर बघितलं होतं. त्यांनी खडूने जमिनीवर जागा आखल्या, प्रत्येकाला एक बोल्ट आणि एक पाना दिला आणि स्वतः हात वर करून समोर उभे राहिले. हात वर असेपर्यंत कुणी प्रेसला हात लावायचा नाही, हात खाली आला की सुरू करायचं. दोन तासांचं काम अर्ध्या तासाच्या आत आलं.

मग ते बघायला मोठ्या गिऱ्हाइकाकडची माणसं आली. त्या दिवशी क्रेनवर नवा गडी होता. तीन नंबरची आणि पाच नंबरची डाय रॅकवर शेजारी शेजारी. पाचातून उजव्या बाजूचा पत्रा निघतो, तिनातून डाव्या. मशीनचा एवढा आवाज की सगळं हातवाऱ्यांवर चालायचं. बापूंनी पाच नंबर आण म्हणून डावा पंजा उघडून वर केला. जुन्या माणसांना माहीत होतं की बापूंचा हा हात म्हणजे पाच. नव्या गड्याने बोटं मोजली आणि तीन नंबर आणून ठेवला. पाहुणे बघत होते म्हणून जो तो आपल्या बोल्टावर तुटून पडला आणि डायवरचा आकडा कुणीच वाचला नाही. कधी नव्हे इतक्या लवकर डाय बसली. टाळ्या झाल्या. तासाभराने तपासणीवाला हातात पत्रा घेऊन आला तेव्हा डाव्या बाजूचा ढीग लागला होता.

डाय रॅकची नोंद माझ्याकडे म्हणून मीटिंगला मीही होते. साहेबांनी क्रेनवाल्याला उभं केलं. बापू त्याच्या आधीच उभे राहिले. "त्याची काय चूक नाय साहेब. त्याला तीन दिसले, त्यानं तीन आनला. माझ्या हाताची चूक हाय."

"अहो पण तुम्हाला माहीत नाही का, तुमच्या त्या हाताला तीनच बोटं आहेत?"

बापूंनी हात वर करून बघितला आणि म्हणाले, "मला पाचच दिसतेत साहेब. आजूनबी."

साहेबांनी क्रेनवाल्याला बसायला सांगितलं. मला मात्र ते उत्तर तेव्हा जरा नाटकी वाटलं. माझ्यात हा एक दोष आहे. एखादी गोष्ट माझ्या दारात येईपर्यंत ती मला खरी वाटत नाही.

ती लवकरच आली. त्याच वर्षी माझे पती गेले. सकाळी ऑफिसला निघाले होते, बूट घालायला बसले आणि तिथेच गेले. ऋतुजा तेव्हा अकरावीत होती. पुढे कित्येक महिने मी सकाळी चहाचे तीन कप मांडायची. मांडून झाल्यावर लक्षात यायचं, मग एक कप उचलून परत फडताळात ठेवायची. बापूंना पाच बोटं दिसतात म्हणजे काय, ते मला त्या फडताळापाशी कळलं.

कामावर परत गेले त्या दिवशी खिडकीशी येऊन सगळे काही ना काही बोलून गेले. बापू शेवटी आले. हातमोजे घेतले, सही केली, दोन बोटं बांधली. मग माझ्या खांद्यामागच्या रॅककडे बघत म्हणाले, "पोरगी जेवती का?"

मी म्हटलं, "जेवते. बोलत नाही."

बोलत नाही हे खरं म्हणजे कमीच होतं. बाप-लेक दोघं दर रविवारी मोटारींची शर्यत बघायचे. त्यांचा लाडका चालक म्हणजे शिंगाडे बापूंच्या भाषेतला म्होरक्याच. मी त्या वेळी स्वयंपाकघरात. मला तो आवाज सोसायचा नाही आणि मी ते दर रविवारी न चुकता सांगायची. आता ऋतुजा एकटी बघायची. मी हात पुसत बाहेर येऊन दिवाणावर टेकले की ती रिमोटचं बटण दाबून चॅनेल बदलायची, "तू तुझं बघ" म्हणायची आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावायची. भांडण नव्हतं. नुसतं उठून जाणं होतं. तिला निदान शर्यत तरी बघता यावी म्हणून मी रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातून बाहेर यायचंच बंद केलं. बारावी झाली की ती शिकायला पुण्याला जाणार होती. त्याच्या आत मला त्या दिवाणावर तिच्याशेजारी एकदा बसता आलं नाही तर पुढे कधीच येणार नाही, अशी मला भीती होती.

मी मला येतं ते केलं. वही आणली. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून सगळी नावं उतरवून घेतली, चालक, त्यांच्या गाड्या, कुठल्या देशातली कुठली शर्यत, पहिल्याला किती गुण आणि दहाव्याला किती. स्टोअरच्या कार्डांसारख्या उभ्या-आडव्या रेघा मारल्या. पंधरा दिवस पाठ केलं आणि एका रविवारी दिवाणाशी उभी राहून म्हणून दाखवलं. ऋतुजाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तुझी परीक्षा आहे का?" आणि बटण दाबलं.

सोमवारी मी ती वही बापूंपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. माणसांपुढे रडायची मला सवय नाही. पण खिडकीला जाळी होती, तिचा उपयोग झाला. बापूंनी पानं उलटली. अक्षर चांगलं असल्याचं सांगितलं. मग वही बंद करून माझ्याकडे सरकवली.

"ही ऱ्हाऊ द्या स्टोअरला. रविवारी घरी या माझ्या. एक गाडी दाखवतो."

"एकच?"

"एकच. बाकीच्या कामून पायजेत तुमाला?"

भाजीला जाते असं ऋतुजाला सांगून मी मुकुंदवाडीला गेले. दोन खोल्यांचं घर, पत्र्याचं छत, कोपऱ्यात लहान टीव्ही. बापूंच्या पत्नींनी चहा ठेवला आणि मला म्हणाल्या, "तुमीच का त्या मेथीवाल्या?" मी मान खाली घातली. बापूंनी सुटायच्या वेळचा एक मिनिट आवाज लावला. त्या लहान टीव्हीतून असा काही गलका आला की छताचा पत्रा थरथरला. मग आवाज बंद करून म्हणाले, "आता एक धरा. म्होरक्या नको, त्याच्याकडं समदं जग बघू राह्यलंय. मधला धरा."

मी बांड्या धरला. ओळखीचा तोच होता. चौदावा होता.

"आता तीन गोष्टी बघा. त्याचं पोट, त्याचे पाय आन् त्याचा दम. पोट म्हंजी तेल. निघताना भरल्यालं आसतं, म्हून जड पळतो. पाय म्हंजी टायर. आन् दम तर तुमाला म्हाईतच हाय."

पहिला अर्धा तास मला काही दिसलं नाही. गाडी यायची, जायची. मग त्यांनी बोट दाखवलं. "त्या वळनावर बघा. मागचा पाय घसरू राह्यला. मगा नव्हता घसरत." मी बघितलं. पुढच्या फेरीला पुन्हा बघितलं. खरंच त्या वळणावर गाडीचा मागचा भाग किंचित बाहेर जात होता, ओल्या फरशीवर पाय सरकावा तितकाच. "दोन चकरांत आत येतो का नाय बगा." दोन फेऱ्यांनी बांड्या चाकं बदलायला आत आला. मी चहाचा कप तसाच धरून बसले होते. त्या एका तासात मला घरची, फडताळाची, कशाचीही आठवण झाली नव्हती. ते लक्षात आल्यावर मला आधी अपराधी वाटलं आणि मग फार बरं वाटलं.

मी असे चार रविवार गेले. बापूंनी मला एकही नियम सांगितला नाही. कोण पहिला येणार यात त्यांना काडीचा रस नव्हता. शर्यत संपून म्होरक्या हार-तुरे घेत असला तरी ते शेवटची गाडी घरी येईपर्यंत उठायचे नाहीत. त्यांच्या पत्नी भाकरी वाढून हाका मारायच्या आणि हे म्हणायचे, "थांब गं, एक ऱ्हायलंय आजून." एकदा मी म्हटलं, "बापू, शेवटच्याचं काय बघायचं? त्याला काय मिळणार?" ते पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून बोलले. "त्यानंबी तेवढ्याच चकरा मारल्या ना ताई."

पाचव्या रविवारी मुकुंदवाडीला वीज नव्हती. मी घरीच होते. कणीक मळता मळता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथून टीव्ही दिसला. ऋतुजाची पाठ माझ्याकडे होती. काळीपांढरी गाडी वळणावर आली, गेली. पुन्हा आली. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बांड्याचा मागचा पाय घसरतोय गं. दोन फेऱ्यांत आत येईल."

ऋतुजाचा अंगठा बटणावर गेलेला मला दिसला. तो तिथेच थांबला.

"कोण बांड्या?"

"तो काय, काळापांढरा. भुरक्याच्या मागे."

ती वळली नाही. एक फेरी झाली. दुसरी होत आली. माझे हात कणकेने भरलेले आणि मी देवापुढे उभी राहावी तशी उभी. खरं सांगते, आयुष्यात कुठल्या माणसासाठी केली नसेल इतकी प्रार्थना मी त्या गाडीच्या टायरांसाठी केली. बांड्या आत आला. ऋतुजाने दिवाणावर लांब केलेले पाय जवळ ओढून घेतले. शेजारी एका माणसापुरती जागा झाली. मी कणकेच्या हातांनी तशीच जाऊन बसले.

बापूंबद्दल तिला सगळं सांगितलं तेव्हा ती हसली, मेथीच्या गोष्टीला तर फारच. मग म्हणाली, त्यांना बोलाव.

बापू आले ते धुवट शर्ट घालून, उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन. दिवाणावर बसेनात, खाली सतरंजीवर बसले. ऋतुजाने त्यांना कुठल्या रंगाची पट्टी म्हणजे टायर मऊ आणि कुठली म्हणजे कडक ते समजावून सांगितलं. इतकी वर्षं शर्यत बघूनही हे त्यांना माहीत नव्हतं. ते मन लावून ऐकत होते, मधेच मला म्हणाले, "पोरीला समदं म्हाईत हाय की." तिला आवाज बंद करून बघायचं सुरुवातीला जड गेलं. पण अर्ध्या तासात दोघं अशी बोलू लागली की शेंगा मी एकटीने संपवल्या.

त्या दिवशी म्होरक्या पहिलाच होता. शर्यत संपायला थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या आणि त्याच्या गाडीतून धूर निघाला. हळू होत होत ती गवतावर जाऊन उभी राहिली. तो उतरला, हेल्मेट न काढताच गाडीला टेकला. ऋतुजा बघत होती. मग तिच्या गळ्यातून एक आवाज आला आणि ती रडायला लागली. बाबा गेले त्या दिवशी ती रडली नव्हती, तेराव्याला नाही, त्यांचे बूट देऊन टाकले त्या दिवशीही नाही. मी उठले. बापूंनी टीव्हीवरची नजर न काढता डावा हात वर केला. थांबा. मी जिथे होते तिथेच बसले.

"रड पोरी," बापू म्हणाले. "आजून सात चकरा हायेत."

ती सात फेऱ्या रडली. आवाज बंद, त्यामुळे घरात तेवढाच आवाज होता. शेवटची फेरी आली तेव्हा बापू म्हणाले, "आता जरा बांड्याकडं बघ. कुठं येऊन पोचला बघ."

तिने ओढणीने तोंड पुसलं आणि बघितलं. बांड्या सहावा होता.

"बाबा असते तर त्यांनी टीव्ही बंद केला असता," ती म्हणाली. "म्होरक्या बाहेर गेला की ते पुढचं बघायचेच नाहीत."

"मंग आपन चालू ठू," बापू म्हणाले. आणि शेवटची गाडी येईपर्यंत आम्ही तिघं बसून राहिलो.

जाताना मी दारापर्यंत गेले. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं, त्याची मनात जुळवाजुळवही केली होती. बापू चपला घालत माझ्या मागे, आतल्या खोलीकडे बघत होते. म्हणाले, "जेवायला वाढा तिला. आज जेवंल." ती जेवली.

पुढे बापू निवृत्त झाले. निरोपाला कारखान्याने भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी हातमोज्यांचा एक जोड दिला, डाव्याची दोन बोटं आत वळवून बारीक टाक्यांनी शिवलेला. नियमाप्रमाणे निवृत्त माणसाला स्टोअरमधून काही देता येत नाही, म्हणून तो मी बाजारातून आणला होता. त्यांनी सवयीने सहीसाठी कार्ड मागितलं. मी म्हटलं, याला कार्ड नाही. ते जरा गोंधळले. मग मोजा हातात चढवून बघितला आणि तसाच घालून गेले. काही दिवसांनी मुकुंदवाडीचं घर सोडून दोघं वाडीवर राहायला गेली.

आभार मानायचे राहून गेले ते गेलेच. मी आता सत्तरीकडे आले आहे आणि ऋतुजा दर रविवारी पुण्याहून फोन करते. दोन शहरांत दोन टीव्ही, दोन्हींचे आवाज बंद, आणि फोनवर आम्ही दोघी. बांड्या चालवणारा कधीच खेळातून बाहेर पडला. त्याच्या जागी दुसरा आला, गाडीचा रंगही बदलला. आम्ही दरवर्षी मधला कुणी तरी धरतो आणि त्याला बांड्याच म्हणतो. हे सगळं मला ज्या माणसाने दिलं त्याला मी एकदा मेथी दिली, एकदा चहा पाजला आणि एकदा हातमोजे दिले. त्यांच्या देण्यापुढे हे काहीच नाही, हे मला कळतं.

ते मला शेवटचे दिसले ते जालना रोडवर. ऋतुजा दिवाळीला आली होती आणि आम्ही जालन्याला एका लग्नाला निघालो होतो. गाडी ती चालवत होती. करमाडच्या पुढे मेंढरं रस्ता ओलांडत होती म्हणून वाहनं थांबली, आम्हीही थांबलो. आमच्यापुढे एकच जीप होती, ती कडेने वळून निघून गेली आणि समोर रस्ता मोकळा दिसला. कळपाचा पुढचा भाग केव्हाच पलीकडच्या रानात उतरला होता. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी एक मेंढी राहिली होती, पुढच्या पायाने लंगडणारी. आणि तिच्या मागे, तिच्या चालीने, पटका बांधलेला एक उंच म्हातारा चालत होता. डावा हात त्याने आमच्याकडे वर करून धरला होता.

हाताला तीन बोटं होती. आम्हा दोघींना पाच दिसली.

मी काच खाली करून हाक मारणार तेवढ्यात ऋतुजाने माझ्या हातावर हात ठेवला. "थांब आई. त्यांचं एक राहिलंय अजून."

मेंढी मधेच उभी राहिली. बापू उभे राहिले. त्यांनी तिला काठी लावली नाही की हाकललं नाही. ती निघाली तेव्हा ते निघाले. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही, बघायची गरजही नव्हती. त्यांची नजर होती तिथेच होती. त्या मेंढीकडे बघताना मला पहिल्यांदा नीट कळलं की पती गेले त्या वर्षी कळपात मी कुठे होते, आणि खिडकीशी उभा राहून माझ्या खांद्यामागे बघणारा हा माणूस कुणाची वाट बघत होता.

मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. मेंढी पलीकडच्या गवतात उतरली. ऋतुजाने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवली होती, पण बापूंचा हात खाली येईपर्यंत तिने ती हलवली नाही.